जुनी वास्तु व नवें घर

ज्युबिलीचें वर्ष आलें म्हणजे मंदिराची डागडुजी व रंगरंगोटी ओघानेंच येते, आणि तिच्यामागून एक जुना वादही डोकें वर काढतो: जुनें राखावें कीं पाडावें? आमच्या हिंगोली जिल्ह्यांत हा वाद घरोघरचा आहे. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लांकडी तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचें माळवद, अशीं घरें आमच्या वाडवडिलांनीं बांधिलीं. उन्हाळ्यांत त्यांचा गारवा सुखाचा असे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीस भूकंप झाला, त्यांत अशाच घरांनीं हजारों निजलेल्या माणसांस गाडलें. पुढें २०२४ सालीं २१ मार्च व १० जुलै रोजीं खुद्द आमच्या जिल्ह्याची भूमि हादरली, तेव्हां ती आठवण पुनः जागी झाली. यास्तव माळवद उतरवून स्लॅब टाकणारास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. मात्र त्या स्लॅबाखालीं वैशाखाची दुपार कशी जाते, हें त्यासच विचारावें!

या पेचांतून वाट काढणाऱ्या एका वास्तुविशारदाची हकीकत आम्ही येथें देत आहों. त्यांचें नांव जेरार्ड दा कुन्हा, कार्यभूमि गोवा. दिल्लीस वास्तुकलेचें शिक्षण झाल्यावर त्यांनीं केरळांत लॉरी बेकर यांच्याजवळ काम केलें. हे बेकर मूळ इंग्लंडचे, क्वेकर पंथाचे. महारोग्यांसाठीं इस्पितळें बांधण्याच्या कामीं ते १९४५ सालीं हिंदुस्थानांत आले आणि येथलेच झाले. हिमालयांत पिठोरागडकडे राहत असतां, डोंगरी लोकांचीं साधीं घरें हीच खरी पाठशाळा, असा त्यांचा निश्चय झाला. त्रिवेंद्रमचें लोयोला चॅपेल त्यांच्याच हातचें. विटा आडव्या न लावतां उभ्या कडेवर रचून मध्यें पोकळी ठेवण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. तीनें विटा सुमारें चौथ्या हिश्शानें कमी लागतात व पोकळींतील हवेमुळें उष्मा आंत येत नाहीं. पाडलेल्या घरांच्या जुन्या खिडक्या-दारेंही ते नव्या घरांत बसवीत.

हेंच बीज घेऊन दा कुन्हा गोव्यांत आले. गोव्याचें जुनें घर म्हणजे जांभा दगड, चुना, उतरतें कौलारू छप्पर, शिंपल्यांच्या पातळ चकत्यांच्या खिडक्या आणि दारापुढें बांक असलेला ओटा, ज्यास तिकडे बल्कांव म्हणतात. मालक परदेशीं, वारस अनेक, अशा स्थितींत हीं घरें ओसाड पडूं लागलीं. त्यांची नोंद करणारें ‘हाउसेस ऑफ गोवा’ हें पुस्तक दा कुन्हांच्या संस्थेनें १९९९ सालीं काढिलें. त्याच सालीं परभणींतून आमचा जिल्हा वेगळा निघाला, हा योगायोग. पुढें बारदेशांतील साल्वादोर दु मुंद, म्हणजे ‘जगाचा तारक’, या गांवीं त्यांनीं याच घरांचें संग्रहालय उभारिलें. रस्त्यांमधल्या एका त्रिकोणी तुकड्यावर जहाजासारखी ती इमारत उभी आहे. जुन्या घरांचा गौरव करावयाचा, पण त्यांची नक्कल करावयाची नाहीं, हें तिजकडे पाहून कळतें.

त्यांच्या हातून झालेलें मोठें जीर्णोद्धाराचें काम म्हणजे रेइश मागुशचा किल्ला. मांडवीच्या उत्तर तीरावर, पणजीसमोर, १५५१ सालीं तो बांधिला गेला. त्याच्या पायथ्याशीं तीन मागी राजांचें चर्च आहे. तेथील सण ६ जानेवारीस होतो. १७३९ सालीं सावंतवाडीच्या भोसल्यांनीं बारदेश घेतला, तरी हा किल्ला त्यांच्या हातीं लागला नाहीं. नंतर तेथें तुरुंग झाला, तो १९९३ पर्यंत होता. मग बंदिवान गेले व झाडांच्या मुळ्या भिंतींत शिरल्या. तो वाचवावा म्हणून आग्रह धरणारांत चित्रकार मारियो मिरांडा होते. हेलन हॅम्लिन ट्रस्ट, इंटॅक व गोवा सरकार यांच्या साह्यानें २००८ सालीं काम सुरू झालें आणि जून २०१२ मध्यें किल्ला लोकांस खुला झाला. मारियो मात्र त्याआधीं सहा महिने, ११ डिसेंबर २०११ रोजीं, निवर्तले. आतां त्यांचीं चित्रें तेथें लाविलेलीं आहेत. तुरुंगाचा काळ लज्जास्पद म्हणून पुसून टाकिला नाहीं, तेथें कोंडिलेल्या स्वातंत्र्यसैनिकांची आठवणही राखिली आहे. आम्हांस हें विशेष वाटतें.

अशा कामांत चुन्याचें महत्त्व फार. जुन्या दगडास सिमेंटाचा गिलावा दिला कीं भिंतींतील ओल आंतच कोंडते व दगड झिजतो. चुना ती ओल बाहेर जाऊं देतो. घाईनें सिमेंट थापून ‘जीर्णोद्धार’ केलेल्या वास्तु आमच्याही भागांत थोड्या नाहींत!

आतां प्रश्न माळवदाचा. किल्लारीचा दोष दगडाच्या माथीं मारणें बरोबर नव्हे. तेथील भिंतींस आंतलें व बाहेरलें असे दोन पदर होते, मध्यें नुसती भर. पदर जोडणारे आरपार दगड नव्हते. वर गळती थांबविण्यासाठीं वर्षानुवर्षें माती चढवून छप्पर हातभर जाड झालेलें. धक्का बसतांच पदर फुटले व तो भार खालीं आला. भिंतींत जोडदगड बसविणें, चहूंबाजूंनीं पट्टा फिरविणें, छपराचें ओझें उतरविणें, हे उपाय अभियंत्यांस ठाऊक आहेत. तेव्हां ज्यांस आपलें घर पाडावयाचें आहे, त्यांनीं आधीं जाणत्याकडून भिंत तपासून घ्यावी, आणि माळवदाचा एक कोपरा उकरून माती किती साचली आहे तें मोजावें.