बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनला वायर किती जाडीची घ्यावी?

मी निवृत्त नर्स. वय सत्तरीच्या पुढे, नर्सिंगचा डिप्लोमा, आणि आयुष्याची बरीच वर्षे कुवेतला जाब्रियात काढलेली. इलेक्ट्रिशियन मी नाही. तरी हा विषय घेतला, कारण आपल्यापैकी बरेचजण आता एकटे किंवा दोघेच राहतात, बाथरूममध्ये वाफ कोंडते, लादी ओली राहते, भिंतीला बुरशी धरते, आणि मुलगा परदेशातून फोनवर सांगतो, "आई, एक एक्झॉस्ट फॅन बसवून घे." मग वायरमन येतो आणि पिशवीत जी वायर उरली असेल ती लावून जातो. असेच माझ्या घरी झाले होते.

जाब्रिया म्हणजे मुबारक अल-कबीर हॉस्पिटलचा भाग. आजूबाजूच्या इमारतींत नर्स, डॉक्टर, टेक्निशियन मंडळी राहायची. आमच्या फ्लॅटचे बाथरूम मधोमध, खिडकी नाही, वर फॉल्स सीलिंग आणि त्या सीलिंगच्या आत पाणी तापवायचा हीटर. जुना पंखा बंद पडला तेव्हा इमारतीच्या हारिसने (तिकडे राखणदाराला हारिस म्हणतात) कोणाला तरी आणले. अर्ध्या तासात पंखा फिरू लागला, आम्ही खूश.

पुढे मे महिना आला. कुवेतच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणीच इतके तापते की हीटर लावावा लागत नाही, उलट नळाचे गार पाणी मिळत नाही ही तक्रार. म्हणून हीटरचा स्विच बंद केला, तर पंखाही बंद! तेव्हा कळले की त्याने पंख्याची वायर हीटरच्याच कनेक्शनला जोडली होती. दुसऱ्या, जाणत्या इलेक्ट्रिशियनने सीलिंगची फळी काढून दाखवली. टेबल लॅम्पला असते तसली बारीक दोरी-वायर, हीटरच्या गरम पाईपवर टाकलेली. वरचे प्लॅस्टिक मऊ होऊन पाईपला चिकटले होते, आणि जोड नुसता पिळून पट्टी गुंडाळलेली. तो म्हणाला, "सिस्टर, पंख्याला ही वायर पुरते. पण ज्याला जोडलीय, त्याला नाही पुरत." त्याचे हे बोलणे समजले की वायरीचा निम्मा विषय समजतो.

आधी हिशेब. पंख्यावर वॅट लिहिलेले असतात. सहा इंची पंखा साधारण 20 ते 40 वॅटचा. वॅटला व्होल्टने भागा. कुवेतला 240 व्होल्ट, भारतात आणि इस्रायलमध्ये 230. 40 भागिले 240 म्हणजे 0.17 अँपिअर. औषधाचा डोस काढण्यापेक्षा सोपे आहे. इतक्या करंटला कितीही बारीक वायर चालेल असे वाटते, आणि पंखा फिरतोही.

पण वायर ठरवायची ती तिच्यामागच्या एमसीबीवरून. एमसीबी हा वायरीचा रखवालदार. हीटरचा एमसीबी 20 अँपिअरचा असतो. 0.5 स्क्वेअर एमएमची दोरी-वायर 3 अँपिअरची. पंख्यात ओल जाऊन बिघाड झाला आणि 10-12 अँपिअर वाहू लागले, तर रखवालदाराला वाटणार हीटर चालू आहे, तो गप्प बसणार, आणि वायर सीलिंगच्या आत जळणार. पंखा धुळीने अडकला तरी तेच. तिकडे वाळूच्या वादळानंतर पंख्यावर बोटभर थर बसायचा. मोटर तापते, पण मोठा एमसीबी पडावा इतका करंट काही वाढत नाही.

आता आकड्यांबद्दल, कारण इथे आम्हा नर्सेसचा गोंधळ होतो. सुईचे गेज आम्हाला पाठ: 18 नंबर जाड, 24 नंबर बारीक, आकडा मोठा तितकी सुई लहान. आपल्याकडचे जुने वायरमन वायरही तशीच सांगत, "तीन-बावीस" म्हणजे 22 गेजच्या तीन तारा. हल्लीची वायर स्क्वेअर एमएमने मिळते आणि तिथे उलट आहे: आकडा मोठा तितके तांबे जास्त. दुकानात "एकची, दीडची, अडीचची" असे मागतात. दीडची वायर सोलली तर आत 0.3 मिलिमीटरच्या 22 तारा असतात, अडीचच्या वायरीत 36. चष्मा लावून मोजता येतात, मी मोजल्या आहेत.

घरातल्या पंख्यासाठी तांब्याची दीडची वायर घ्या, लाइटच्या सर्किटवरून, ज्याला 6 किंवा 10 अँपिअरचा एमसीबी आहे. ब्रिटिश पद्धतीत लाइटच्या सर्किटला एकचीही चालते, पण फरक थोड्या पैशांचा आहे आणि दीडची ओढताना सहसा तुटत नाही. अडीचची लावायला काही हरकत नाही, फक्त पंख्याच्या इवल्याशा कनेक्टरमध्ये ती नीट बसत नाही, मग वायरमन चार-सहा तारा कापून टाकतो. ते करू देऊ नका.

पंखा गिझरच्या किंवा प्लगच्या सर्किटवरूनच घ्यावा लागला, तर मध्ये 3 अँपिअरचा फ्यूजवाला स्विच हवा. कुवेतला ब्रिटिश पद्धतीचे तीन चौकोनी पायांचे प्लग असतात, त्यांच्या पोटातच फ्यूज असतो. लोक सगळीकडे 13 चा फ्यूज घालून मोकळे होतात. पंख्याला 3 चा घाला.

उष्णतेचा मुद्दा कुवेतसाठी मोठा. 2016 च्या जुलैत तिथल्या मित्रिबा केंद्रावर 53.9 अंश नोंदले गेले, ते सावलीतले. वायरीची क्षमता पुस्तकात 30 अंशाला धरून दिलेली असते. पाईपमधली दीडची वायर 17.5 अँपिअर वाहते, पण सभोवती 50 अंश असतील तर 0.71 ने गुणायचे, 60 अंशाला निम्मेच, म्हणजे पावणेनऊ. मग 10 चा एमसीबी तिला जास्त होतो, 6 चा ठीक. इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आणि ज्यांचा गिझर सीलिंगच्या आत आहे त्यांनी हे वायरमनला जरूर सांगावे. गरम पाईपपासून वायर दूर, आणि शक्यतो कंड्युटमधून.

लांबीची काळजी करू नका. दहा मीटर दीडच्या वायरीत असा पंखा 0.05 व्होल्टच्या आसपास खातो. मात्र शॉवरच्या अगदी जवळ लावायला 12 व्होल्टचा पंखा मिळतो, त्याचा ट्रान्सफॉर्मर बाथरूमच्या बाहेर ठेवायचा असतो. तिथे 20 वॅटलाही 1.7 अँपिअर लागतात आणि त्याच दहा मीटरमध्ये अर्धा व्होल्ट जातो, बारातला अर्धा. तिथे दीडपेक्षा बारीक नको.

टायमरवाला पंखा घेतला (दिवा बंद केल्यावरही थोडा वेळ फिरतो तो), तर त्याला अर्थ सोडून तीन तारा लागतात: कायमचा फेज, स्विचमधून आलेला फेज आणि न्यूट्रल. भिंत फोडण्याआधी हे ठरवा. शुक्रवारी संध्याकाळी लावून शनिवारी रात्रीपर्यंत चालूच ठेवणाऱ्यांना वायर वेगळी लागत नाही, पंखा मात्र बॉल बेअरिंगचा घ्यावा. रंगांकडेही लक्ष ठेवा. आयात पंख्याच्या दोरीत तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल. आपल्या घरच्या वायरिंगमध्ये काळा न्यूट्रल, आणि थ्री-फेजमध्ये निळा चक्क फेज असतो. टेस्टर लावल्याशिवाय रंगावर विसंबू नये.

एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. ओल्या अंगाचा रोध साधारण हजार ओमवर येतो, म्हणजे 230 व्होल्टला 230 मिलिअँपिअर. इतक्याने हृदयाचे ठोके थरथरत थांबू शकतात, आणि 6 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. त्यावरचे टेस्टचे बटन अधूनमधून दाबून बघा. स्विच बाथरूमच्या बाहेर, पंखा पाण्याचे शिंतोडे सोसणारा, त्यावर आयपीएक्स४ लिहिलेले असते.

आणखी एक, नर्स म्हणून. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर पंखा बसवून तो सुरक्षित होत नाही. बाहेरून हवा यायला जागा नसेल तर पंखा गिझरचा धूर उलटा आत ओढू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर काढा, मग पंख्याचे बघा.

हे काम स्वतः स्टुलावर चढून करू नका. इस्रायलमध्ये तर 1954 च्या वीज कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय वायरिंगला हात लावता येत नाही, महाराष्ट्रातही परवानाधारक वायरमनच बोलवा. अलीकडे अलिबागला वहिनीकडे पंखा बसवला तेव्हा मी खाली खुर्ची टाकून बसले आणि त्या मुलाला तीनच प्रश्न विचारले: कुठल्या एमसीबीवरून घेतोस, वायर कितीची, आणि जोड कनेक्टरमध्ये की पट्टीत? तिसऱ्या प्रश्नाला तो हसला आणि पिशवीतून कनेक्टर काढला.