मधुरिका पाटकर : एकेरीत हार, दुहेरीत हिशेब चुकता

कळमनुरी : टेबल टेनिस म्हटलं की मणिका बत्राचंच नाव निघतं. ठाण्याची मधुरिका पाटकर मागं राहते, हे काही बरोबर नाही.

२०१७ मध्ये तिशीच्या आसपास ती राष्ट्रीय विजेती झाली. पुढच्या वर्षी ८ एप्रिलला गोल्ड कोस्ट इथं राष्ट्रकुल स्पर्धेची महिला सांघिक अंतिम लढत झाली. २००२ पासून हे सुवर्ण सिंगापूरनं सोडलं नव्हतं. मणिकानं पहिला सामना जिंकला. दुसऱ्यात यू मेंग्यूनं मधुरिकाला सरळ तीन गेममध्ये हरवलं. १-१. रडत बसायला वेळच नव्हता. लगेच दुहेरी, सोबत मौमा दास, आणि समोर झोऊ यिहानबरोबर पुन्हा तीच यू! हा सामना मधुरिका-मौमानं ३-१ नं काढला. चौथा मणिकानं जिंकला आणि भारतीय महिलांना राष्ट्रकुलातलं पहिलं सांघिक सुवर्ण मिळालं.