वृत्तछायाचित्रसंग्रहांचे जतन
वृत्तछायाचित्रे जतन करायची तर प्रतिमेसोबतच्या खुणाही जपाव्या लागतात. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांची सुरुवातीची छायाचित्रे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली गेली. केवळ छापील श्रेयावर विसंबणारा अभ्यासक इथे फसणारच. व्यारावाला यांचा संग्रह आता दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे. स्कॅन झाल्यावर मूळ निगेटिव्ह कशाला सांभाळायच्या, असा आक्षेप घेतला जातो. जुन्या निगेटिव्हची ॲसिटेट फिल्म उष्ण, दमट हवेत व्हिनेगरसारखा वास सोडत आक्रसते, त्यामुळे स्कॅनिंग तातडीचे आहेच. परंतु प्रिंटच्या पाठीवरचा शिक्का, पाकिटावरची तारीख आणि न छापलेली शेजारची निगेटिव्ह (संपादकाने काय वगळले, याचा बहुधा एकमेव पुरावा) सुट्या स्कॅनमध्ये उरत नाहीत. मूळ प्रती जपायला लागणारी थंड, कोरडी खोली खर्चिक खरी. पण डिजिटल प्रतीही वारंवार नव्या साठवणीत हलवाव्या लागतात, आणि तो खर्च थांबत नाही.