रिकामा रकाना

पुढच्या महिन्यात मी घर बदलतेय. वारज्याहून बाणेरला, म्हणजे पुण्यातल्या पुण्यातच. तीन पॅकर्स अँड मूव्हर्सकडून कोटेशन मागवली. एक साडेआठ हजारांचं, एक अकरा हजारांचं, एक चौदा हजारांचं. ऑफिसातल्या सगळ्यांचं मत एकच, स्वस्तातलं घे, सामान सगळे सारखंच उचलतात. मी मात्र या वेळी आकडा शेवटी बघायचं ठरवलंय. आधी बघतेय ती पावतीच्या मागची बारीक छपाई. त्याला कारण आजीचा आरसा.

तीन वर्षांपूर्वी आजीचं साताऱ्याचं घर रिकामं केलं, तेव्हा मी तिच्याकडून एकच वस्तू मागून घेतली. शिसवी चौकटीतला, माणसाच्या उंचीचा आरसा. तो साताऱ्याहून पुण्यापर्यंत धड आला आणि माझ्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर फुटला. उचलणारा मुलगा असेल एकोणीस-वीस वर्षांचा. तो नुसता काचांकडे बघत उभा राहिला. सुपरवायझरने पावती उलटी करून दाखवली, "काच आणि आरसे मालकाच्या जोखमीवर". शिवाय 'मालाची किंमत' हा रकाना मी रिकामा सोडला होता. मग तो सहज म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हणत असाल तर ह्याच्या हजेरीतून कापतो."

मी नको म्हटलं. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. वस्तू माझी, हात त्या मुलाचे, भाडं कंपनीचं. मग नुकसान कुणाचं? फावल्या वेळात वाचत गेले तेव्हा कळलं, की या प्रश्नावर तीनशे वर्षांहून अधिक काळ भांडण चालू आहे.

त्यातला एक प्रसिद्ध खटला चक्क सामान हलवण्याचाच आहे. लंडनमध्ये बर्नार्ड नावाच्या माणसाने कॉग्ज नावाच्या माणसाची ब्रँडीची पिंपं एका तळघरातून दुसऱ्या तळघरात हलवून द्यायचं कबूल केलं. हलवताना एक पिंप फुटलं, ब्रँडी वाहून गेली. यात मोबदला ठरल्याचा उल्लेख नव्हता, तरीही 1703 मध्ये न्यायालयाने बर्नार्डला जबाबदार धरलं. वस्तू विश्वासाने हातात घेतलीस ना, मग ती सांभाळायची. सरन्यायाधीश जॉन होल्ट यांनी याच निकालात भाडं घेऊन माल वाहणाऱ्यांचा नियम आणखी कडक सांगितला. दैवी आपत्ती आणि राजाचे शत्रू सोडले, तर कशानेही नुकसान होवो, भरपाई वाहकाने करायची. कारण व्यवहारी होतं. वाटेत माल वाहकाच्या एकट्याच्या ताब्यात असतो. तो चोरांना सामील झाला, तर मालकाने ते सिद्ध कसं करायचं?

वाहकांनी यातून पळवाट काढली. बुकिंगच्या कचेरीत पाट्या लागल्या, अमुक रकमेपलीकडे आम्ही जबाबदार नाही. मग गिऱ्हाइकाने पाटी वाचली होती की नव्हती, यावर खटले. अखेर 1830 मध्ये इंग्लंडच्या संसदेने तडजोड केली. नुसत्या पाटीने जबाबदारी टळणार नाही. पण काच, घड्याळं, रेशीम, दागिने असा नाजूक किंवा मौल्यवान माल दहा पौंडांहून महाग असेल, तर मालकाने तसं आधी सांगायचं आणि वाहक मागेल ते जादा भाडं द्यायचं. सांगितलं नाही तर भरपाई मिळणार नाही.

हाच साचा 1865 च्या कॅरियर्स ॲक्टने भारतात आला. इथे दहा पौंडांच्या जागी शंभर रुपये आले. परिशिष्टातल्या यादीत मोती, जवाहीर, शाली आहेत, आपल्याकडच्या हुंड्या आहेत आणि काचही आहे. कोड लिहिणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं. रकाना रिकामा ठेवलात तर कायदा तिथे स्वतःची डिफॉल्ट व्हॅल्यू भरतो.

आपल्याकडे माल वाहण्याचा धंदा अर्थातच इंग्रजांनी आणला नाही. लमाणांचे बैलांचे तांडे होते. हुंडेकरी होते. ठरलेल्या एकाच रकमेत माल पोचवायचा आणि वाटेतल्या जकातीही आपणच भरायच्या, असा मक्ता ते घेत. आजच्या भाषेत 'ऑल इन्क्लुझिव्ह' कोटेशन. आता हा शब्द बहुतेकांना आडनाव म्हणूनच माहीत असतो.

1865 चा कायदा जवळजवळ दीडशे वर्षं चालला. त्याची जागा 2007 च्या कॅरेज बाय रोड ॲक्टने घेतली, तो लागू झाला 2011 मध्ये. वाहकाला नोंदणी सक्तीची झाली. माल देणाऱ्याने फॉरवर्डिंग नोटवर किंमत लिहायची, वाहकाने रीतसर पावती द्यायची. नियमांनुसार भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट, पण लिहिलेल्या किमतीहून जास्त नाही. जास्त हवी तर आधीच जादा दर भरून तसं ठरवायचं. दावा लावायचा असेल तर बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यायची. होल्ट यांचा मुद्दा मात्र दोन्ही कायद्यांत टिकला, निष्काळजीपणा सिद्ध करण्याचं ओझं मालकावर नाही. आणि 'मालकाच्या जोखमीवर'? सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितलंय, की असं छापलं तरी स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी वाहकाला झटकता येत नाही.

म्हणजे त्या दिवशी सुपरवायझरने दाखवलेली ओळ वाटली तेवढी भक्कम नव्हती. माझी बाजू लंगडी केली ती माझ्याच रिकाम्या रकान्याने.

राहिला तो मुलगा. त्याचाही एक इतिहास आहे. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली मुंबईत या कामगारांची चळवळ उभी राहिली आणि 1969 मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. कामगार आणि मालक दोघांची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, वर मालकाकडून लेव्ही आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधीसारखे लाभ. कुणाच्याही मर्जीने हजेरी कापली जाऊ नये, यासाठीच तर ही धडपड होती. माझ्या जिन्यात उभा असलेला मुलगा अशा कुठल्या मंडळात नोंदलेला होता का, हे मी विचारलंच नाही. त्याचं नावही विचारलं नाही.

हे दोन्ही इतिहास एकाच ठिकाणी येऊन मिळतात. जो भाडं घेतो, जोखीम त्याची. ती वर गिऱ्हाइकावर ढकलायची नाही आणि खाली हमालावरही नाही. सुपरवायझरने दोन मिनिटांत दोन्ही करून पाहिलं. आणि मी कापू नको म्हणून चांगुलपणा दाखवला, त्यात कंपनी अलगद सुटली.

या वेळी तिघांनाही मी तेच चार प्रश्न विचारले. नोंदणी क्रमांक काय? किंमत लिहिलेली पावती सामान उचलण्याआधी मिळेल का? विम्याचे तीन टक्के लावताय, तर विमा कंपनीची पॉलिसी माझ्या नावाने येणार, की तो नुसता तुमच्या बिलातला एक आकडा? आणि काही फुटलं तर पैसे कुणाच्या खिशातून जातात? साडेआठ हजारवाल्याने फोन ठेवला. चौदा हजारवाला म्हणाला, "आजवर काही फुटलंच नाही मॅडम." अकरा हजारवाल्या बाईंनी शेवटच्या प्रश्नावर जरा थांबून उत्तर दिलं, "कंपनीच्या. पोरांच्या पगाराला हात लावत नाही. पण किंमत आधी लिहून द्या, नंतर सांगू नका." मी त्यांना ॲडव्हान्स पाठवला.

आरशाची चौकट अजून माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी तिच्यात नवी काच बसवून घेतली. परवा सामानाची यादी करताना सगळ्यात आधी तोच लिहिला, आणि पुढच्या रकान्यात किंमत. आजीला फोन करून विचारलं, केवढ्याचा धरू? ती म्हणाली, "अगं, त्याची कसली किंमत लावतेस!" तरी मी आकडा लिहिला.