वसतिगृहातील उमेदवारी : विद्यार्थीसेवेच्या परंपरेचा एक मागोवा

शिक्षणसंस्थेचा इतिहास सांगताना इमारती, निकाल आणि पदव्या यांचा उल्लेख अगत्याने केला जातो. परंतु गावाहून आलेला विद्यार्थी रात्री कोठे निजला, कोणाच्या पंक्तीला जेवला, आजारपणात त्याच्या उशाशी कोण बसले, याची नोंद क्वचितच आढळते. उमरेड मार्गावरील हुडकेश्वर हे एकेकाळचे खेडे आज नागपूर महानगराच्या हद्दीत सामावले आहे. उमरेड, कुही, भिवापूर या भागांतून शिक्षणासाठी नागपुरात येणाऱ्या मुलामुलींपुढे आजही पहिला प्रश्न उभा राहतो तो वर्गाचा नव्हे, तर निवाऱ्याचा. या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने कसे शोधले, याचा इतिहास मननीय आहे.

आज विद्यापीठांत ‘विद्यार्थी विकास’ नावाचा स्वतंत्र विभाग असतो आणि तेथे काही महिने काम करून तरुण मंडळी अनुभव घेतात. त्याला इंग्रजीत इंटर्नशिप म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘उमेदवारी’ हा जुना व अर्थपूर्ण शब्द आहे. महाराष्ट्रात विद्यार्थीसेवेची सर्वांत फलदायी उमेदवारी ज्या पुरुषाने केली, त्याच्या हाती कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. तो पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. त्या काळी कोल्हापुरात शिक्षणासाठी येणाऱ्या बहुजन समाजाच्या मुलांना राहावयास जागा मिळणे दुरापास्त होते. ही अडचण ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. दिगंबर जैन वसतिगृह हे त्यांपैकीच एक. मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद यांच्यासारख्या धनिकांनीही त्या काळात जैन विद्यार्थ्यांच्या निवासासाठी सढळ हस्ते साहाय्य केले. राजाराम हायस्कूलात शिकत असताना भाऊराव या जैन वसतिगृहात राहत असत.

याच वास्तव्यात तो प्रसंग घडला, जो चरित्रकारांनी आवर्जून नोंदविला आहे. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परतल्यावर स्नान केल्याशिवाय भोजनगृहात प्रवेश मिळणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी स्नानास नकार दिला आणि परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे काही काळ ते शाहू महाराजांच्या आश्रयास राहिले.

या प्रसंगाचा विचार करताना एक गोष्ट विसरता कामा नये. वसतिगृहाची सूत्रे ज्यांच्या हाती होती, ते अण्णासाहेब लठ्ठे हे संकुचित वृत्तीचे गृहस्थ नव्हते. ते विद्वान होते, ब्राह्मणेतर चळवळीचे एक नेते होते, शाहू महाराजांचे चरित्रकार होते आणि १९३७ साली मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. असे असूनही रूढ नियम आणि विद्यार्थ्याची सदसद्विवेकबुद्धी यांचा संघर्ष उभा राहिला, तेव्हा नियमाचा विजय झाला. व्यवस्थापक सज्जन असला म्हणजे व्यवस्था आपोआप न्याय्य होते, असे नाही. विद्यार्थीसेवेच्या कार्यात पडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा, असा हा पहिला धडा होय.

भाऊरावांनी त्या अपमानाचे रूपांतर वैरात केले नाही. कोल्हापुरात एकेका समाजासाठी निरनिराळी वसतिगृहे निघाली, ही त्या काळाची गरज होती; पण सर्व जातींची मुले एकाच छपराखाली का राहू नयेत, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे कार्यालय सातारा येथे आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. ज्या मुलाला एका पंगतीतून उठावे लागले होते, त्याने सर्वांची एक पंगत मांडली.

या वसतिगृहात मुलेच स्वयंपाक करीत, शेतात राबत, पाणी भरीत आणि अभ्यासही करीत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य तेथे प्रत्यक्ष आचरणात होते. धान्य संपले की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे होत. मुलांच्या अन्नासाठी त्यांनी अंगावरील दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. विद्यार्थी कल्याणाच्या इतिहासात या माउलीचे स्थान कोणत्याही कुलगुरूहून उणे नाही.

१९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ‘कमवा व शिका’ ही पद्धती अशा रीतीने वसतिगृहातून महाविद्यालयापर्यंत पोहोचली. दानावर जगणारा विद्यार्थी मिंधा होतो, श्रम करून शिकणारा ताठ मानेने उभा राहतो, ही त्यामागील दृष्टी होती. विद्यार्थ्याला साहाय्य करताना त्याचा स्वाभिमान दुखावू नये, हा दुसरा धडा.

याच सुमारास जगात अन्यत्रही असा विचार सुरू होता. अमेरिकन शिक्षण परिषदेने १९३७ साली एक निवेदन प्रसिद्ध केले. विद्यार्थ्याकडे केवळ बुद्धी म्हणून न पाहता त्याचे आरोग्य, निवास, आर्थिक स्थिती व स्वभाव यांसह संपूर्ण व्यक्ती म्हणून पाहावे, हे त्याचे सार होते. सातारच्या वसतिगृहात ही दृष्टी त्यापूर्वीच रुजली होती.

विदर्भात ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हा सहा महाविद्यालये व ९२७ विद्यार्थी एवढाच त्याचा पसारा होता. २००५ साली या विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि श्रमसंस्कारास शासकीय अधिष्ठान लाभले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यार्थी विकास मंडळ हे विद्यापीठाचे एक अंग ठरले. पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते.

५ एप्रिल १९५९ रोजी पुणे विद्यापीठाने भाऊरावांना सन्माननीय डी. लिट. पदवी अर्पण केली. मॅट्रिकपर्यंतही न पोहोचलेल्या या कर्मयोग्याची उमेदवारी विद्यापीठाने अशी शिरोधार्य मानली. ९ मे १९५९ रोजी, म्हणजे अवघ्या पाच आठवड्यांत, त्यांची प्राणज्योत मालवली.

कायदे झाले, मंडळे झाली, विभाग झाले. तथापि दूरच्या गावाहून आलेला मुलगा कार्यालयाच्या दारात संकोचाने उभा राहतो, तेव्हा त्याचे अर्धवट बोलणे पूर्ण ऐकून घेणारा कोणीतरी तेथे असावा लागतो. नियम दाखविण्यापूर्वी त्या मुलाकडे पाहणे, हा तिसरा आणि शेवटचा धडा होय. १९०८ साली कोल्हापूरच्या एका भोजनगृहाच्या दारात तो राहून गेला. पुढे साताऱ्यात तो हजारो मुलांच्या वाट्यास आला. हुडकेश्वरसारख्या वाढत्या वस्तीत विद्यार्थ्यांसाठी काही उभारू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही दोन्ही दारे स्मरणात ठेवावीत, एवढेच या इतिहासाचे सांगणे आहे.