छताखालची घिसाई

नागपुरात घर रंगवायला काढणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘भाऊ, फुटाचा भाव काय?’’ भाव ऐकला की तो मनातल्या मनात खोल्यांचा गुणाकार करतो आणि मान डोलावतो. मग मी छताकडे बोट दाखवून घिसाईचा आकडा सांगतो, आणि त्याचा चेहरा बदलतो. ‘‘हे वेगळे पैसे काऊन? जुनं खरडणं तर रंगाच्या कामातच येते ना?’’ माझ्या वडिलांना हा प्रश्न इतवारीतल्या आणि महालातल्या गिऱ्हाइकांनी विचारला, मला मनीषनगर-बेसातले विचारतात. दारात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, कारण त्यासाठी या शहराची छतं कशी बदलत गेली ते सांगावं लागतं.

आमचं घर तांडापेठेतलं, विणकरांचं. हातमागाचं लुगडं आधी गिरणीच्या आणि मग पॉवरलूमच्या कापडापुढे टिकेना, तेव्हा बाबांनी धोटा ठेवला आणि कुची धरली. त्या काळी रंगकाम म्हणजे चुना. कटनीहून रेल्वेने येणारा कळीचा चुना सगळ्यात चांगला समजत. लोखंडी ड्रम अर्धा पाण्याने भरायचा आणि त्यात खडे सोडायचे. क्षणभर काहीच होत नाही. मग खडे तडकू लागतात, पाणी खदखदायला लागतं, वाफ तोंडावर येते आणि ड्रमला हात लावता येत नाही. आम्हा पोरांना त्या ड्रमच्या आसपास फिरकू देत नसत, कारण एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जायचा. रात्रभर चुना मुरायचा. सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ पडायची. नीळ किती घालायची ते बाबा हाताच्या नखावर एक थेंब वाळवून ठरवत.

चुना वाळतो असं आपण म्हणतो, पण तो नुसता वाळत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत जाण्याआधी जो दगड होता, तोच दगड पातळ पापुद्रा होऊन डोक्यावर बसतो. एका हाताचा थर कागदाइतका असतो. पण दर दिवाळीला दोन हात, असे तीस-चाळीस वर्षं देत गेलात तर छताला दोन-तीन मिलिमीटरची साल धरते. बारा बाय चौदाच्या खोलीत तीन मिलिमीटरची साल उतरवली तर खाली साठ-सत्तर किलो माल पडतो. हे वजन कोणीतरी मान मागे टाकून, हात वर करून, सुटं करायचं असतं आणि मग गोणीत भरून जिना उतरवायचं असतं.

महालातल्या वाड्यांना मुळात असं छत नव्हतं. भोसल्यांच्या काळात नागपूर सागवानाच्या कामासाठी प्रसिद्ध होतं. काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकडाचा त्यांचा जुना राजवाडा १८६४ च्या आगीत गेला, नगारखान्याचा दरवाजा तेवढा उरला. सावकारांच्या आणि मानकऱ्यांच्या वाड्यांत मात्र कडीपाटाची छतं राहिली : सागवानी कड्या, त्यावर पाट, त्यावर माती आणि चुना. लाकडाला तेल लागायचं, चुना नाही. पुढे कधीतरी या कड्यांनाही चुना फासला गेला. बाबा त्याला ‘प्लेगाची पुताई’ म्हणत. १८९६ नंतर देशभर प्लेग पसरला तेव्हा घर रिकामं करणं, धुरी देणं आणि चुना मारणं हे सरकारी उपाय होते, आणि १९०२ साली नागपुरात या साथीने घरंच्या घरं बसवली. बाबांचं म्हणणं कागदावर कुठे तपासता येणार नाही, पण जुन्या कड्या खरवडताना लाकडाला चिकटलेला सगळ्यात खालचा थर करडा, धुरकटलेला निघतो, हे मी माझ्या हातांनी पाहिलं आहे. आज त्याच वाड्यांचे वारस ‘लाकूड मोकळं करून द्या’ म्हणतात. सागवानाच्या कोरीव कामातून चुना काढणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात महाग काम आहे. तिथे मशीन चालत नाही. ओलं फडकं, बांबूची काडी आणि बोथट पत्ती एवढीच हत्यारं, आणि दिवसाकाठी एका माणसाकडून वावभर कडीसुद्धा होत नाही.

सिव्हिल लाइन्सची गोष्ट वेगळी. १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि साहेबांचे कवेलूचे बंगले उभे राहिले. कवेलूखालची काळोखी पोकळी दिसू नये म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड कापड ताणून बांधत आणि त्याला पांढरा हात देत. हेच छत. वर उंदीर, पाली, साप यांचा संसार. रुडयार्ड किपलिंगच्या ‘द रिटर्न ऑफ इम्रे’ या कथेत सगळा थरार अशाच कापडी छताच्या वरच्या बाजूला दडलेला आहे. काढायच्या दृष्टीने मात्र इतकं स्वस्त छत पुन्हा झालं नाही. दोऱ्या कापा, कापड गुंडाळा, काम संपलं.

कापडाची जागा पुढे सपाट सिमेंटच्या पत्र्यांनी घेतली. पांढुरके पत्रे, सांध्यावर लाकडी पट्ट्या. जुन्या बंगल्यांत आणि क्वार्टरांत ते अजून दिसतात. आपण त्यांना सिमेंटचे पत्रे म्हणतो, पण त्यात सिमेंटला धरून ठेवणारा धागा अॅस्बेस्टॉसचा असतो. कटनीजवळच्या कैमोरला असे पत्रे बनवणारा कारखाना १९३४ साली सुरू झाला, आणि तेव्हा कैमोर मध्य प्रांतातच होतं. एकाच मुलखातून, जवळजवळ एकाच स्टेशनावरून आमच्या छतांना चुनाही आला आणि अॅस्बेस्टॉसही. या पत्र्यांकडे मी पुन्हा येणार आहे, कारण जिवाशी गाठ असलेलं काम ते हेच.

नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने स्थापन झाला. पुढे लेआउट पडत गेले आणि स्लॅबची घरं वाढली. स्लॅबला चुना शोभेना, म्हणून डिस्टेंपर आलं. पहिलं डिस्टेंपर पुडीतलं, कोरडं : खडूची पूड आणि सरस. त्याची गंमत ही की ते पाण्याने निघायचं. नवा हात देण्याआधी बाबा आणि त्यांचे सोबती ओल्या पोत्याच्या तुकड्याने छत पुसून घेत. पांढरं पाणी कोपरावरून बगलेत उतरायचं, पण धूळ उडत नव्हती, आणि दिवसभरात दोन खोल्या साफ व्हायच्या.

मग डब्यातलं, तेल घातलेलं डिस्टेंपर आलं. ‘धुता येतं’ हीच त्याची जाहिरात. भिंत धुता येते म्हणजे रंग पाण्याने निघत नाही, आणि पाण्याने निघत नाही म्हणजे तो खरवडावा लागतो. घराच्या बाईला पोरांच्या हाताचे डाग पुसता येऊ लागले, ही मोठी सोय होती, तिला मी नावं ठेवणार नाही. पण त्या दिवसापासून घिसाई कोरडी झाली. ओल्या पोत्याच्या जागी लोखंडी पत्ती आणि पॉलिश पेपर आला, आणि कारागिराच्या नाकात धूळ. रंगाच्या डब्यावर किंमत छापलेली असते. हा खर्च कुठेच छापला नव्हता.

त्याहून वाईट म्हणजे हे नवे रंग जुन्या चुन्यावरच चढवले गेले. चुन्याचा वरचा थर भुसभुशीत असतो. इमल्शनसारखा रंग वाळताना आकसतो आणि खालच्या भुग्याला ओढतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर, स्लॅब रात्री दहालाही तापलेला. जूनच्या शेवटी पावसाची ओल वरून झिरपते. दोन-तीन असे उन्हाळे-पावसाळे गेले की छताचे पोपडे ताटात पडू लागतात. मी गिऱ्हाइकाच्या घरी गेलो की आधी पत्तीच्या मुठीने छत ठोकतो. धरलेला थर टणक बोलतो, सुटलेला भदभद. सुटलेल्या भागाला खडूने गोल करतो. बहुतेक छतांवर शेवटी गोलांतून गोल निघून सगळीकडेच खडू होतो.

थर साठत गेले याला आमच्या शहराचं वेळापत्रकही कारण आहे. इथे रंगाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो, दिवाळीपर्यंत घराघरांत चालतो आणि लगेच विधिमंडळाच्या डिसेंबरमधल्या हिवाळी अधिवेशनाची रंगरंगोटी येते. हे अधिवेशन १९६० पासून चालू आहे. त्या दोन-अडीच महिन्यांत मजुरांच्या ठिय्यावर चांगला कारागीर मिळत नाही. ‘लक्ष्मीपूजनाच्या आत करून द्या’ म्हणणाऱ्या घरात घिसाई पहिली कापली जाते. झाडू फिरवला, हात दिला, पुढच्या वर्षी पाहू. सरकारी दरसूचीतही चुन्याच्या दरात झाडणं-घासणं धरलेलंच असायचं. खासगी ठेकेदारांनीही तीच रीत उचलली. त्यामुळे हे काम फुकटचं आहे, असं तीन पिढ्यांना वाटत आलं.

ऐंशीच्या दशकात हॉलच्या छताला दाणेदार काम करायची हौस आली. पांढरं सिमेंट आणि बारीक वाळू कालवून त्याचे शिंतोडे मारायचे, दिव्याच्या उजेडात खडबडीत सावल्या पडतात. दिसायला खरंच छान दिसे. पण त्या दाण्यांत जाळी आणि धूळ अडकते, पुसता येत नाही, आणि काढायचं म्हटलं तर चकती लावलेलं ग्राइंडरच लागतं. त्यातून उडणारी वाळूची बारीक धूळ ही सिलिकाची धूळ असते. दगडखाणीतल्या माणसाला ज्या धुळीने सिलिकोसिस होतो, तीच ही. म्हणून अशा छताला मी आधी पुट्टीने सपाट करायचा किंवा खाली जिप्समचं छत लावायचा पर्याय सांगतो. अर्थात पीओपी आणि जिप्समने गेली पंचवीस-तीस वर्षं हेच केलं आहे : राजस्थानच्या जिप्समखाली आमचे सगळे जुने थर झाकले, काढले नाहीत.

माझी पुतणी इंग्लंडात लेस्टरला असते. तिने सत्तरच्या दशकातलं घर घेतलं, त्याच्या छतांना नक्षीदार जाड लेप होता. तिकडे अशा लेपांत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अॅस्बेस्टॉस मिसळत असत, आणि १९९९ मध्ये तिथे अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली. तिने पत्ती लावायच्या आधी नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अंश निघाला. मग दोन भाव आले, ओला करून काढण्याचा आणि वरून बंद करून टाकण्याचा. तिने बंद केला. तिच्या त्या दोन कागदांत कामगाराचा मुखवटा, प्लास्टिकची आडोशाची चादर आणि कचऱ्याची सीलबंद पिशवी यांचे पैसे वेगवेगळ्या ओळींत लिहिले होते. मी ते कागद मागवून घेतले.

आपल्याकडे १९८६ पासून अॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने बंद झाले, आयात आणि वापर चालू राहिला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखान्यांना बजावलं की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि त्याच्या तब्येतीची नोंद किमान ४० वर्षं ठेवा. ४० वर्षं यासाठी की हा तंतू फुफ्फुसात बसला तर आजार दिसायला वीस-चाळीस वर्षं लागतात. पण कारखान्याबाहेर, ठिय्यावरून एका दिवसासाठी उचललेल्या आणि सपाट पत्र्यावर कोरडा पॉलिश पेपर मारणाऱ्या पोराची नोंद कोण ठेवणार? त्याला तो पत्रा कशाचा आहे हेही माहीत नसतं. पत्रा शाबूत असेल, तर त्याला हात न लावता नुसता रंग द्यावा. घासू नये, भोक पाडू नये, तोडू नये. काढायचाच असेल तर पाण्याने भिजवून, स्क्रू सोडवून, अख्खा उतरवावा.

खर्चाचा हिशेब आता मी असा मांडतो. दीडशे-पावणेदोनशे फुटांचं तेलाच्या डिस्टेंपरचं छत नीट खरवडायला दोन माणसांचे दोन दिवस जातात. कारागिराचा रोज आठ-नऊशे, मदतनिसाचा पाच-सहाशे. शिवाय घोडी-फळीचं भाडं, गोण्या, मलबा नेणारी गाडी. मुखवटे मी धरतोच, साधा रुमाल नाही. बेरीज केली की घिसाई फुटामागे नव्या रंगाच्या बरोबरीने येते, कधी जास्त. हा आकडा ऐकूनच गिऱ्हाइकाचा चेहरा बदलतो.

माझ्या एस्टिमेटची पहिली ओळ घिसाईची असते, दुसरी पाणी मारण्याची आणि मुखवट्यांची, तिसरी मलब्याची. रंग चौथ्या ओळीवर येतो. ‘वरच्या तीन ओळी काढा, बाकीचं पक्कं’ असं म्हणणारी गिऱ्हाइकं दर दिवाळीला भेटतात. त्यांना मी दुसरा पेंटर बघायला सांगतो.