रोखलेले बोट

शाळेत असताना वरच्या वर्गास पहिले महायुद्ध शिकविण्याचा प्रसंग आम्हांवर दरवर्षी येई. तहांची कलमे आणि लढायांच्या सनावळ्या ऐकून मुले पेंगत. एके वर्षी आम्ही एका जुन्या ग्रंथातील चित्र मोठे काढवून घेतले व भिंतीवर टांगले. भरघोस मिशांचा, लष्करी टोपी घातलेला एक पुरुष समोर पाहत आहे आणि त्याच्या उजव्या हाताचे बोट पाहणारावर रोखलेले आहे. "हा कोणाकडे बोट दाखवितो?" असे विचारताच पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "माझ्याकडे, गुरुजी." खिडकीपाशी बसलेलाही तेच म्हणाला. शेवटच्या बाकावरील ज्या मुलास कोणी कधी काही विचारीत नसे, तोही उठून म्हणाला, "नाही, माझ्याकडेच!"

ते चित्र लॉर्ड किचनेरचे. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला हा गृहस्थ आपल्याकडील जुन्या पिढीस चांगला ठाऊक होता. त्याच्याशी झालेल्या कलहातच लॉर्ड कर्झनने १९०५ साली राजीनामा दिला. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटताच तो ब्रिटनचा युद्धमंत्री झाला. युरोपातील इतर बड्या राष्ट्रांत सक्तीची लष्करभरती होती. ब्रिटनमध्ये नव्हती, व त्याचा इंग्रजांस मोठा अभिमान होता. साहजिकच जे काम अन्यत्र कायदा करी ते येथे मनधरणीने करणे भाग पडले. सर्व पक्षांच्या भरती-समितीने शंभराहून अधिक निरनिराळी भित्तिपत्रके काढली.

हे चित्र आल्फ्रेड लीट या चित्रकाराने 'लंडन ओपिनियन' साप्ताहिकाच्या ५ सप्टेंबर १९१४ च्या मुखपृष्ठासाठी काढले व पुढे त्याचेच भित्तिपत्रक झाले. हात इतका आखडून रेखाटला आहे की बाहू जवळजवळ नाहीसा होऊन मूठ आणि बोट तेवढे पुढे येते. सपाट कागदावरची नजर बाजूने पाहिले तरी आपल्यावरच खिळलेली भासते. आमच्या वर्गातील भांडणाचे कारण हेच. भित्तिपत्रकावरील वाक्यरचना तर व्याकरण शिकविणारास विशेष मौजेची वाटेल. वर 'ब्रिटनवासीयांनो' हे संबोधन, खाली 'यांना तुम्ही हवे आहात' अशा अर्थाचे शब्द, आणि मध्ये कर्त्याच्या जागी नावच नाही! तेथे चित्र आहे.

सॅव्हिल लम्लीचे १९१५ चे चित्र मात्र आम्हांस खुपते. खुर्चीत बसलेल्या बापास मांडीवरची मुलगी विचारते की, बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलेत? पायाशी मुलगा खेळण्यातले शिपाई मांडीत आहे. बाप निरुत्तर. किचनेरचे बोट निदान उघडउघड मागणी करते. येथे देशाभिमानाच्या मिषाने बापास त्याच्याच लेकरांसमोर लाजविले आहे.

इतके असूनही किचनेरच्या चित्रानेच लाखो तरुण सैन्यात लोटले, हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. एका दिवसातील सर्वांत मोठी भरती ३ सप्टेंबर १९१४ रोजी झाली. त्या दिवशी ३३,२०४ लोकांनी नावे नोंदविली, आणि मुखपृष्ठ निघाले त्यानंतर दोन दिवसांनी! मॉन्सहून झालेल्या माघारीची वार्ता ऑगस्टअखेर पोहोचली होती; माणसे हलली ती त्या वार्तेने.

आणखी एक गोष्ट त्यांना ओढून नेत होती, व ती ज्ञातिसंस्थेच्या वाचकांस विचारात टाकील. एका गावाचे, एका पेढीचे, एका गिरणीचे लोक एकत्र भरती झाल्यास त्यांना एकाच पलटणीत ठेवू, असे वचन मिळाले होते. आपल्या माणसांत आपण मागे राहिलो असे होऊ नये, हा अभिमान देशाभिमानाहूनही जवळचा. लँकेशायरमधील ॲक्रिंग्टनची पलटण अशीच उभी राहिली. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत सेर गावापुढे तिचे सुमारे ७२० लोक चालून गेले. सुमारे अर्ध्या तासात त्यांपैकी ५८४ मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. एकाच गल्लीतील कितीतरी घरांवर एकाच आठवड्यात दुःख कोसळले.

पुढे अमेरिकेत जेम्स माँटगोमेरी फ्लॅगने हीच कल्पना उचलली. पांढऱ्या दाढीचा, ताऱ्यांची पट्टी असलेली उंच टोपी घातलेला त्याचा 'अंकल सॅम' तसेच बोट रोखतो. त्याच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्या. चेहऱ्यासाठी फ्लॅगने दुसरा माणूस शोधलाच नाही. स्वतःच्याच चेहऱ्यास दाढी व सुरकुत्या जोडल्या.

त्या दिवशी शेवटच्या बाकावरच्या मुलाने तास संपता संपता विचारले, "गुरुजी, बोट दाखविणारा स्वतः गेला का?" आम्ही सांगितले की, ५ जून १९१६ रोजी रशियास जात असता ऑर्कनी बेटांजवळ त्याची 'हॅम्पशायर' युद्धनौका सुरुंगावर आदळून बुडाली व तो समुद्रात नाहीसा झाला. सक्तीच्या भरतीचा कायदा त्यापूर्वीच, जानेवारीत, संमत झाला होता.